परराज्यातला डेलमार

आमच्या गावात धनुष्याने शिकार करणारे जेवढे आहेत, त्यातल्या निम्म्यांना ती डेलमार ट्वेटने शिकवली. तेवीस वर्षं, वर्षातून दोनदा, चर्चच्या तळघरात त्याचा वर्ग भरायचा. हंगाम कधी उघडतो, उजेड किती उरला की बाण सोडायचा नाही, हरणाला बाण लागल्यावर किती वेळ जागचं हलायचं नाही, हे सगळं तो घोकवून घ्यायचा. कुणी परीक्षेत नापास झालं तर म्हणायचा, "पुढच्या वेळी ये. हरणं कुठं पळून जात नाहीत." त्याच्या सहीचा दाखला घेऊन लोक माझ्या दुकानात यायचे आणि मी त्यांना शिकारीचा परवाना छापून द्यायचे. नदीकाठी माझं दुकान आहे. गळाची आमिषं, बाण, आणि सरकारी परवान्यांचं मशीन.

त्याची बायको लव्हॉन हिला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. त्यांची मुलगी कारिन पुलाच्या पलीकडे राहते, म्हणजे दुसऱ्या राज्यात. हिवाळ्यापुरतं म्हणून दोघं तिच्याकडे गेली आणि तिथंच राहिली. लव्हॉनच्या उपचारांना तिकडच्या सरकारची मदत हवी होती. ती फक्त तिकडच्या रहिवाशांनाच मिळते. डेलमारने कागदांवर सह्या केल्या, गाडीचं लायसन्ससुद्धा तिकडचं करून घेतलं. इथलं घर कुलपात. शनिवारी येऊन तो गवत कापायचा, नळ सोडून बघायचा आणि परत जायचा.

सप्टेंबरात हंगाम उघडण्याच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात आला.

"नेहमीचाच?" मी विचारलं.

"मग काय, मासेमारीचा देतेस?"

मशीनवर पहिलाच प्रश्न असतो, अर्जदार या राज्याचा रहिवासी आहे का. माझं बोट थांबलं. त्याने ते पाहिलं.

"मार्लिस, मी इथं जन्मलो. माझा बाप त्या टेकडीमागं पुरलाय. आता तू मला विचारणार, मी कुठला?"

मी विचारलं नाही. 'होय'चं बटण दाबलं. खरं तर बाहेरच्यांसाठी वेगळा परवाना असतो, तो त्याला सहज मिळाला असता. पण त्यावर 'परराज्यातील' असं ठळक छापलेलं असतं.

ऑक्टोबरात त्याने स्वतःच्या घरामागच्या रानात, सोळा पावलांवरून, एकाच बाणात मोठा नर पाडला. वन्यजीव खात्याला रीतसर फोन करून नोंदवला. लव्हॉनला हरणाच्या मांसाचे सॉसेज फार आवडायचे, म्हणून सगळ्या मांसाचे तेच करून घेतले. त्याचा त्या नरासोबतचा फोटो मी दुकानात लावला.

पुढच्याच आठवड्यात त्याचा दुसरा वर्ग होता. कॉफी द्यायला मी गेले होते. टॅम्सिन नावाची एक नर्स नुकतीच गावात राहायला आली होती. तिने हात वर केला.

"मी जूनमध्ये आलेय. मला इथली धरतील का?"

डेलमारने नियमांचं पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "जिथे तुमचं कायमचं घर आहे, जिथे तुम्ही मत देता, जिथलं तुमचं गाडीचं लायसन्स..." आणि तो थांबला. पान उलटलं, परत मागं आणलं. मग खुर्चीवर बसला.

"आज एवढंच," तो म्हणाला. नऊ माणसं एकमेकांकडे बघत उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता.

"मी खोटं लिहिलं, मार्लिस."

"अरे, कोण बघतंय?"

"तू बघितलंस. तुला माहीत होतं आणि तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर भडकला असतास."

"भडकलोच असतो," तो म्हणाला. "तरी विचारायचं होतंस."

मी पुष्कळ समजावलं. लव्हॉन आजारी आहे, कशाला नसता घोळ, पुढच्या वर्षी बरोबर भर. त्याने माझ्याच फोनवरून वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला बोलावलं. वॉर्डन हायडी कोलार ही बाराव्या वर्षी त्याच्याच वर्गात शिकलेली.

ती आली, टोपी काढून उभी राहिली. "मास्तर, कशाला केलात फोन? तुम्ही सांगितल्यावर मला गुन्हा लिहावाच लागणार."

"म्हणूनच केला. लिही."

तिने लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, पण तिने काही गाळलं नाही. शिंगं जप्त झाली, सॉसेजही. न्यायाधीशांनी दंड केला आणि तीन वर्षं परवाना बंद केला. राज्याराज्यांचा आपसात करार आहे, त्यामुळे पुलापलीकडेही त्याला शिकार बंद. शिकवण्याची परवानगीही काढून घेतली. मला लेखी ताकीद मिळाली.

त्याला वाटलं होतं, निदान लव्हॉनला तरी कळेल. कारिनने मला सांगितलं, ऐकल्यावर लव्हॉनने डावा हात टेबलावर आपटला आणि तिच्या त्या चार-पाच शब्दांतला एक ओरडली, "मूर्ख! मूर्ख!" दोन दिवस त्याच्या हातून घासही घेतला नाही.

गावात निम्मे लोक त्याला वेडा म्हणाले. उरलेल्यांची खात्री, की चुगली मीच केली. दोघा जुन्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे येणं सोडलं. वर्ग बंद पडला. आता शिकणाऱ्यांना चाळीस मैल गाडी हाकावी लागते. वसंतात त्याने घरही विकून टाकलं, रानासकट.

यंदा हंगाम उघडला त्या आठवड्यात मी पूल ओलांडून त्याला भेटायला गेले. अंगणात बसून तो लव्हॉनला सूप भरवत होता. मला बघून ती तोंडाच्या एका बाजूने हसली.

"बरं वाटतं का आता?" मी हळूच विचारलं. "सांगून टाकलंस त्याचं?"

त्याने चमचा वाटीत ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "वाटेल असं वाटलं होतं."

मग त्याने लव्हॉनची हनुवटी पुसली आणि मला विचारलं, टॅम्सिनला परवाना मिळाला का. मिळाला, मी म्हटलं. इथलीच म्हणून मिळाला.