बॅटरी उतरू द्यायची नाही

लॅपटॉप कुवेतहून आला तेव्हा माझ्या बायकोला तिकडे जाऊन वर्ष होत आलं होतं. ती नर्स. तिच्या इस्पितळातल्या एका मैत्रिणीनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना हिला देऊन टाकला. वसईजवळच्या आमच्या निर्मळ गावचाच एक जण तेव्हा सुट्टीवर यायचा होता, त्याच्या सामानात तिनं तो दोन टॉवेलांत गुंडाळून पाठवला. सोबत पडद्याच्या वर चिमट्यानं अडकवायचा छोटा कॅमेरा होता, आणि एक पुडी बदाम सासऱ्यांसाठी.

मी मूळ जवळच्याच गास गावचा. बायको एकुलती एक, सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून लग्नानंतर मीच निर्मळला सासऱ्यांच्या वाडीत राहायला आलो. वाडी म्हणजे केळी, थोडी सोनचाफ्याची झाडं, विहीर, आणि मध्ये कौलारू घर. मी जवळच्या शाळेत लिपिक होतो. सायकलवरून जायचं, दाखले लिहायचे, संध्याकाळी परत यायचं. ती गेल्यावर त्या घरात आम्ही दोघेच पुरुष उरलो, सासरे आणि मी. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो. इथं लिहिताना साधी मराठी वापरतो, नाहीतर निम्म्या वाचकांना कळायचं नाही.

लॅपटॉप मिळाल्याचं कळवलं तसा तिचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर म्हणाली, "आता नीट ऐक. बॅटरी जुनी आहे, जपलीस तर टिकेल. पूर्ण उतरू द्यायची नाही. थोडी उरली की लगेच लावायची. भरली की काढायची. रात्रभर लावून ठेवू नकोस."

"बरं."

"तापू देऊ नकोस. गादीवर ठेवून वापरू नकोस, खालून वारा लागला पाहिजे. पडद्याचा उजेड कमी ठेव. आणि बरेच दिवस वापरायचा नसला तर अर्धी भरून ठेव, रिकामी ठेवू नकोस."

"बरं," मी परत म्हटलं. पेशंटच्या नातेवाइकाला गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशी ती सांगत होती, आणि मीही तसाच ऐकत होतो.

बॅटरीला एवढं महत्त्व यायला कारण होतं. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. दुपारी वीज जायची, संध्याकाळी पुन्हा जायची. तिची ड्युटी संपून ती खोलीवर पोचायची तेव्हा नेमका आमच्याकडे अंधार असायचा. इंटरनेटसाठी मी फोन कंपनीचं डेटाकार्ड घेतलं होतं. ते लॅपटॉपच्या बाजूला खोचायचं, ते चालायचं लॅपटॉपच्याच बॅटरीवर, आणि कॅमेराही त्याच बॅटरीवर. त्यामुळे बॅटरी असेल तेवढाच वेळ ती दिसणार, असा हिशेब होता.

मी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. शाळेतून आलो की वीज असेपर्यंत लॅपटॉप लावायचा, भरला की काढायचा. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून हवेला जागा केली. हे सगळं मी प्रेमानं करत होतो असं म्हणता येणार नाही. काहीतरी करायला सांगितलेलं असलं की बरं वाटायचं, एवढंच. तेव्हा मला दुसरं काही वाटतच नव्हतं.

ती कुवेतला का गेली ते सांगायला हवं. आम्हाला मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. बाळंतपणात बायकोची तब्येत इतकी बिघडली की ते दोन्ही दिवस ती शुद्धीवर नव्हती. काचेच्या पेटीतल्या मुलीला मी एकट्यानं पाहिलं, आणि पुरायलाही मी आणि सासरेच गेलो. बायको घरी आल्यावर तिनं काही विचारलं नाही. नोव्हेंबरात आम्हा ख्रिस्ती लोकांच्या सर्व मृतांच्या दिवशी अख्खा गाव दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातो, तेव्हाही ती घरातच थांबली. नंतर काही महिन्यांनी म्हणाली, कुवेतला भरती चाललीय, जाऊ का? मी म्हटलं, जा. विमानतळावर आम्ही तिघं चहा प्यायलो आणि ती आत गेली.

पहिल्यांदा ती पडद्यावर दिसली तेव्हा सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तिला ऐकू जाईल की नाही या शंकेनं ते ओरडून बोलायचे. "जेवलीस का? काय जेवलीस?" ती सांगायची. मग पुन्हा, "तिकडे केळी मिळतात का?"

"मिळतात बाबा. आपल्यासारखी नाहीत."

ते उठून माळ्याखालचा पिकत घातलेला घड घेऊन यायचे आणि कॅमेऱ्यापुढे धरायचे. पडद्यावर चित्र थांबत थांबत हलायचं. तिकडे तिला बहुतेक नुसता पिवळा पट्टा दिसत असेल, पण ती म्हणायची, "छान झालाय."

माझी पाळी आली की आम्ही विजेबद्दल बोलायचो. बॅटरी किती उरलीय, पाणी वेळेवर येतं का, तिकडे गरम आहे का. मुलीबद्दल कधीच नाही. मला ते टाळावंसंही वाटत नव्हतं. तो विषय आमच्या दोघांत नव्हताच, जसा शेजारच्या गावातला एखादा रस्ता असतो, आहे हे माहीत असतं, पण तिकडे जाणं होत नाही.

दीड-दोन वर्षांत बॅटरी थकायला लागली. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून घरी आलो, तर लॅपटॉप टेबलावर आणि त्याची बॅटरी गायब. मी विहिरीकडे गेलो. विहिरीच्या कठड्यावर, उन्हात, एका फडक्यावर ती बॅटरी ठेवलेली आणि शेजारी सासरे कठड्याला टेकून राखण करत बसलेले.

"बाबा, हे काय?"

"ऊन देतोय. टॉर्चचे सेल उतरले की आपण उन्हात ठेवतो ना? परवा पोरीचा चेहरा मध्येच गेला. म्हटलं जरा शेकू दे."

मी बॅटरी उचलली. चटका बसला. "हिला ऊन चालत नाही बाबा. उलट खराब होते."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "बिघडली का?"

"नाही," मी म्हटलं. बिघडली की नाही ते मला ठाऊक नव्हतं. घरात नेऊन माठाजवळच्या थंड फरशीवर ठेवली. ते मागोमाग आले आणि संध्याकाळपर्यंत मधूनमधून येऊन तिला हात लावून बघत होते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. बॅटरी चालली. त्या दिवसापासून भर दुपारी लॅपटॉपजवळची खिडकी उघडायची की नाही, हे ते मला विचारून ठरवू लागले.

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. पहाटे विहिरीवर पाणी काढायला गेले होते, तिथेच बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. मी बायकोला फोन केला. तिनं विचारलं, "पडले का?"

"नाही. बसलेले होते."

"बरं." दुपारी तिचा परत फोन आला. रजा मिळत नव्हती. मिळाली तरी विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. मी म्हटलं, "बर्फात ठेवू. दोन दिवस थांबता येतं."

"नको," ती म्हणाली. "बाबांना ते आवडणार नाही. आज संध्याकाळीच उरका. तू मला लॅपटॉपवर घे."

तेव्हा वीज नव्हती. सकाळी कुणीतरी आलं, कुणीतरी गेलं, त्या सगळ्यात मी लॅपटॉप तेवढा लावून ठेवला होता. का लावला ते सांगता येत नाही. हात गेला. बॅटरी भरलेली होती, पण भरलेली म्हणजे त्या काळात जेमतेम.

तिनंच ठरवलं. "घरात थोडा वेळ दाखव. चर्चमध्ये बंद ठेव, मिस्साची प्रार्थना मला पाठ आहे. उरलेली दफनभूमीसाठी ठेव."

घरात शवपेटीजवळ स्टूल ठेवून मी लॅपटॉप उघडला. उजेड अगदी कमी केला, इतका की बाजूच्यांना पडदा काळाच वाटत असावा. ती गणवेशातच होती, केसांना जाळी लावलेली. तिनं वडिलांकडे बघितलं. म्हणाली, "शर्ट कोणता घातलाय?"

"तो इस्त्रीचा. तुझ्याशी बोलताना घालायचे तो."

तिनं मान हलवली. मी लॅपटॉप मिटला.

चर्चमधून निघाल्यावर सासऱ्यांचे एक चुलत भाऊ माझ्याजवळ आले. माझ्या काखेत लॅपटॉप होता आणि त्यांना ते रुचलेलं नव्हतं. "अरे, खांदा द्यायचा सोडून तो डबा काय घेऊन फिरतोस?"

"काका, ती आहे यात," मी म्हटलं.

ते थबकले. मग माझ्या जागी त्यांनी खांदा दिला.

दफनभूमीच्या फाटकाशी मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही हातांवर ताटासारखा धरला. रेंज येत-जात होती. फादरांची प्रार्थना झाली. पेटी खाली सोडताना तिनं क्रूस केला. माती टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "माझ्या वतीनं एक मूठ टाक." एका हातावर लॅपटॉप तोलून मी दुसऱ्या हातानं दोन मुठी टाकल्या.

लोक पांगायला लागले. खाली बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "एक मिनिट. भिंतीकडे वळव."

"कुठल्या?"

"लहान मुलांच्या बाजूला."

मी वळलो. चालत भिंतीपाशी गेलो. आमच्या मुलीचा सिमेंटचा छोटा क्रूस होता, आणि त्याच्यामागे गुडघ्याएवढं सोनचाफ्याचं रोप. लॅपटॉप इतका तापला होता की बोटं बदलावी लागत होती. मी कॅमेरा क्रूसासमोर धरला आणि उभा राहिलो. तिचा आवाज येत नव्हता. मला पडदा दिसत नव्हता, कारण कॅमेरा तिकडे आणि मी मागे, त्यामुळे ती बघतेय की लाइन गेलीय तेही कळेना.

मग तिनं विचारलं, "चाफा कुणी लावला?"

"बाबांनी. वाडीतला आणून लावला. दर रविवारी पाणी घालायचे."

"मला बोलले नाहीत."

"मलाही नाही. मी एकदा बघितलं."

मग ती म्हणाली, "दिसतंय का लाल?"

मी वाकून पडद्याकडे बघितलं. "हो."

"बंद कर मग. पूर्ण उतरू देऊ नकोस."

मी बंद केला. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, मी हात धुतले. रडलो वगैरे नाही. लोकांनी घरी येऊन चहा घेतला, केळी घेतली, गेले. वीज आल्यावर मी लॅपटॉप लावला.

ती बॅटरी पुढे काही महिने चालली आणि मग भरेनाशी झाली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, या मॉडेलची आता मिळणार नाही. तोवर बायकोचा करार संपत आला होता, म्हणून मी दुसरी शोधली नाही.

ती परत आली ती कायमचीच. वसईतल्या एका इस्पितळात लागली. आल्यानंतर पहिल्या रविवारी मिस्सा झाल्यावर मला म्हणाली, तू पुढे हो. मी घरी आलो. ती दोन तासांनी आली, चपला बाहेर काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि ओसरीवर माझ्याजवळ बसली. मी दुसऱ्या दिवशी बाजारात पाठवायची चाफ्याची फुलं पानात बांधत होतो. तिनंही एक पान ओढून घेतलं.

तीन-चार पुड्या झाल्यावर तिनं विचारलं, "तिला केस होते का?"

"होते. भरपूर."

"काळे?"

"काळेच. कपाळावर आलेले. नर्सनं ओल्या कापसानं मागे सारले तरी परत पुढे यायचे."

"डोळे उघडले होते?"

"एकदा. मी काचेवर बोट वाजवलं तेव्हा. नर्स मला ओरडली."

ती हसल्यासारखी झाली. "ओरडणारच," ती म्हणाली. "मीही ओरडले असते."

मग तिनं आणखी विचारलं. बोटं कशी होती, रंग कुणाचा, रडायची का. मी जेवढं आठवत होतं तेवढं सांगत गेलो. मला वाटलं होतं त्याहून बरंच आठवत होतं. माझा आवाज नेहमीचाच होता, शाळेत दाखल्यावरची माहिती वाचून दाखवतो तसा. पण पानाला दोरा गुंडाळता गुंडाळता माझी बोटं थांबली होती, आणि ते मला ती म्हणाली तेव्हा कळलं.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी बांधते. तू सांग."