डोंगरावरची रेंज

मोबाइल नुकते खेडोपाडी पोचले होते तेव्हा मी महाडला एका दुकानात ते दुरुस्त करायचो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या एक मावशी एकाच महिन्यात तिसऱ्यांदा आल्या. मुंबईला दिलेल्या मुलीने त्यांना फोन घेऊन दिला होता.

"सकाळला भरते नि दुपारला मेलेला असतो रे," त्या म्हणाल्या.

पहिल्या वेळी मी बॅटरी बदलली. दुसऱ्या वेळी फोन दोन दिवस दुकानात ठेवून घेतला, तर तो मजेत चालला. आताही नीट होता. तसं सांगितल्यावर मावशी उखडल्या.

"तुज्याकडं बरा असतो नि माज्याकडं आजारी पडतो. आता तूच चल वरती, बघ काय खातंय त्याला!"

मला हसू आलं, पण मनातून मीही हैराण झालो होतो. रविवारी एसटीने पोलादपूर गाठलं आणि पुढे तासभर चढलो. घरात फोन खुंटीला पिशवीत लटकत होता. हातात घेतला तर चांगलाच गरम. पडद्यावर रेंजची एक काडी यायची, जायची, परत यायची. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. बिचारा फोन दिवसभर टॉवर शोधत होता, त्या शोधण्यातच बॅटरी संपत होती. महाडला टॉवर जवळ, म्हणून तिथे तो निवांत.

"मावशी, हा आजारी नाही, दमलाय. घरात त्याला रेंजच मिळत नाही."

"मग कुठं मिळंल?"

ते शोधायला आम्ही वाडीभर फिरलो. विहीर, गोठा, देवळाची पायरी, सगळीकडे तीच एक काडी. शेवटी मावशी म्हशी चारायला नेत त्या माळावर गेलो आणि चार काड्या उभ्या राहिल्या.

"हितं तर मी रोजच येते की!" मावशी म्हणाल्या.

मी त्यांना बंद-चालूचं बटण दाखवलं. घरी असताना फोन बंद, माळावर आल्या की चालू. मग तिथूनच मुलीला लावून दिला.

"अगो, मी बोलतेय! आता म्हशी माळावर असतील तवाच फोन कर. नाय, नाय, मी बरी हाय गो. फोनवाला आलाय घरी, त्याला जेवायला घालायचंय, ठेव आता!"

जेवताना मावशींनी मला आग्रह करकरून तिसरी भाकरी वाढली आणि वर दह्याची वाटी. पुढे त्या दुकानात आल्या त्या सोबत दोन शेजारणींना घेऊन, त्यांना नवे फोन निवडून द्यायला. मावशींच्या फोनची बॅटरी आता तीन-तीन दिवस पुरत होती. शेजारणींना त्या ठसक्यात सांगत होत्या, "घरी नेलात की आधी बंद करायचा. मी दाखवीन."