वरातीच्या गाडीत रेसचा कॅमशाफ्ट

आता काय अन् कुठून सांगू? आधी हातातला चहा खाली ठेवा, ठसका लागंल.

त्या काळी आमच्या गल्लीत चारचाकी एकच, बाबांची जुनी पांढरी गाडी. चढाला लागली की सायकलवालेसुद्धा मागं टाकायचे. मला लय लागायचं ते. मग हैदराबादच्या एका रेसवेड्या मित्राकडनं मी कॅमशाफ्ट आणला. म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा. सोबत सायलेन्सरच्या जागी मनगटाएवढा मोकळा पाइप.

आमचे मिस्त्री रहीमचाचा. त्यांनी दांडा हातात फिरवून बघितला.

"बेटा, ये दौड का माल है. ऊपर जाके खींचता, नीचे दम नई. हळू चालवायची असंल तर नको टाकू."

"चाचा, मी हळू चालवतच नाही."

टाकला. वसमत रोडला अशी पळाली म्हणता, महिनाभर मीच हवेत होतो.

मग आलं ताईचं लग्न. नवरदेव मानवतचे. बाबा म्हणाले, "तुला एकच काम. मारुतीच्या देवळापासनं नवरदेवाला मांडवात आणायचं, मुहूर्ताच्या आत. जमंल?"

"पाच मिनिटांत आणतो."

आता मला सांगा, वरात कधी पळती का?

पुढं बँड, बँडपुढं नाचणारे मानवतकर. दोन पावलं पुढं, एक मागं. गाडी हळू सोडली की इंजिन बंद. जोर दिला की बेडकावानी उडी, अन् पाइपातनं फाट्‌. नवरदेवाचे काका खूश. "पोरीकडच्यांनी फटाक्याची सोय भारी केली."

शेवटी अर्धा क्लच दाबून, इंजिन बोंबलवतच गाडी रेटायला लागलो.

"काहीतरी जळायलंय," मुंडावळ्या बाजूला सारत नवरदेव म्हणाले.

"धूप असंल, भाऊजी."

धूप कसला, क्लच होता तो. मांडव समोर दिसायलाय, मुहूर्ताला दहा मिनिटं, इंजिन गर्जायलंय अन् चाकं जागची हलंनात.

"पायी जाऊ की," नवरदेव म्हणाले.

काका आडवे. "आमचा नवरदेव गाडीबिगर मांडवात जाणार न्हाई."

चौघांनी धक्का मारला. गाडी हलंना. भाऊजी बिचारे गुमान उतरले, मागं गेले. "काका, मुहूर्त टळायलाय. तुमी पण लावा हात."

गाडी निघाली. फुलांनी मढवलेली, आत एकटा मी, डोक्याला फेटा.

मांडवाच्या दारात गंगाखेडच्या आत्याआजी आरतीचं ताट घेऊन उभ्या. चष्मा घरी राहिलेला. त्यांनी खिडकीतनं मला कुंकू लावलं, ओवाळलं, अन् मी बोलायला तोंड उघडलं तर त्यात पेढा कोंबला.

"जावई लय लाजरा हाय गं."

मागनं धापा टाकत आवाज आला, "आजी, जावई इकडं हाय."

अक्षता वेळेवर पडल्या, देवाची कृपा. पण आजही मी गाडीचं दार उघडून धरलं की भाऊजी आधी विचारतात, "बसू का ढकलू?"