काकूंची आपत्ती

मराठी वाक्याच्या शेपटाला ‘है’ बांधलं की झालं हिंदी, अशी गणवेशवाल्या काकूंची ठाम समजूत होती. ‘भैया, इतना घाई क्यों करता है, मैं पडेगी ना!’ असं त्या ओरडल्या की नोएडाचा ऑटोवाला घाबरून खरंच हळू चालवायचा. दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार करून, यजमान गेल्यावर त्या इकडे आल्या. नवे सेक्टर वसत होते, नव्या शाळा निघत होत्या. काकूंनी शिवणयंत्रं मांडली आणि जम बसवला.

स्कर्टची किनार दुमडताना त्या चांगलं चार बोटं कापड आत सोडत. ‘पोर वाढणारच. वाव ठेवावा रे,’ म्हणत. माझ्या मुलीला एकेक स्कर्ट तीन-तीन वर्षं पुरला.

त्यांच्या नव्या यंत्रांचं कर्ज आमच्याच बँकेचं. महामारीत शाळा बंद झाल्या, शिवलेले गणवेश पडून राहिले, हप्ते थकू लागले. तेव्हा बँकेने अशा कर्जांची मुदत वाढवून हप्ता कमी करायची सोय काढली. अर्ज हिंदीत होता. ‘शर्तों पर कोई आपत्ति?’ या रकान्यात काकूंनी ठसठशीत लिहिलं, ‘हाँ, बहुत बड़ी आपत्ति. स्कूल बंद, मशीन बंद.’

मराठीत आपत्ती म्हणजे संकट, हिंदीत हरकत. अख्ख्या शाखेत हे कळणारा मी एकटा, आणि अर्ज आला माझ्याच टेबलावर. मी पोटभर हसलो. डबा खाताना सगळ्यांना तो किस्सा रंगवून सांगितला. काकूंना उद्या बोलावून रकाना दुरुस्त करून घेऊ, म्हणून अर्ज बाजूला ठेवला. त्या उद्याचे आठ दिवस झाले आणि गठ्ठ्याबरोबर तोही वरच्या ऑफिसात गेला. शेरा आला: कर्जदार सहमत नाही. अर्जांची मुदत संपत आली होती, तरी धावपळ केली असती तर जमलं असतं. पण ‘वाचूनही पाठवलंत कसं?’ या प्रश्नाला मी भ्यालो आणि गप्प बसलो. लाज वाटते, पण खरं ते हेच.

यंत्रं गेली. काकू नाशिकला लेकीकडे निघाल्या, त्या दिवशी मी सामान उचलायला गेलो.

‘इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण शेवटी माझं हिंदीच मला भोवलं बघ,’ त्या हसत म्हणाल्या. पिशवीतून माझ्या मुलीसाठी शिवलेला स्कर्ट काढून माझ्या हातात दिला. ‘हा शेवटचा. भरपूर वाव ठेवलाय.’

टॅक्सीत बसता बसता त्या थांबल्या. ‘तो कागद तुझ्या नजरेस पडला असता, तर तुला लगेच कळलं असतं, नाही रे?’

‘लगेच, काकू,’ मी म्हणालो आणि त्यांची ट्रंक उचलली.