एटनावर जाऊन आलेल्या काकू

एडिसनहून मॅनहॅटनला जाताना ट्रेनमध्ये शेजारी सत्तरीच्या एक काकू बसल्या होत्या. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनी डिजिटल कॅमेराच माझ्या हातात दिला. फोटोत सिसिलीचा एटना ज्वालामुखी, काळीभोर राख, मागे धूर आणि पुढे पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू.

“गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, मुलगा म्हणाला, ‘आई, तू खाली बस, आम्ही जाऊन येतो.’ म्हटलं, खाली बसायला एडिसनचं घर आहे की रे!”

“मग?”

“काठी टेकत गेले. वर पोचल्यावर तोच रडला.”

मला माझी नागपूरची आई आठवली. कॅमेरा परत देत विचारलं, “आता पुढे कुठे, काकू?”

“क्रीट बेटावर. मोठी दरी आहे तिथे, दिवसभर चालायची. मुलाला अजून सांगितलं नाहीये,” त्या खुसखुसल्या.