ॲल्युमिनियमवरचा गंज

विमानं मळवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणत आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. आता तेच वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

ग्रुप म्हणजे लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या, नागपूरभर विखुरलेल्या पंधरा-वीस अर्धवट टकल्या पुरुषांचा. प्लॅस्टिकचे भाग चौकटीतून कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांध्यांत पुट्टी भरायची आणि एअरब्रशनं रंग मारायचा. खरं विमान अठ्ठेचाळीस पटींनी लहान केलं तर जेवढं होईल तेवढं ते बनतं. इथवर सगळं ठीक. पण हल्ली स्वच्छ विमान केलं तर ग्रुपमध्ये त्याला कुत्रं विचारत नाही. त्यावर धुराचे पट्टे पाहिजेत, तेलाचे ओघळ पाहिजेत, उडालेला रंग आणि चिखल पाहिजे. जितकी घाण जास्त तितकं विमान खरं, असा नियम. या नियमाचे पुरोहित रोज सकाळी ग्रुपवर प्रवचन देतात. त्यातल्या एकानंही खऱ्या विमानाला कधी हात लावलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आमच्या ग्रुपमध्ये येऊन पाहावं. शेळ्या हाकणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

माझा धंदाही त्याला पूरक. मी कृत्रिम दात बनवतो. पांढरेशुभ्र दात तोंडात खोटे दिसतात. किंचित पिवळट छटा आणि मुळाशी एक तपकिरी रेघ दिली की डॉक्टर खूश, पेशंट खूश. खोट्याला खरं दाखवायचं तर थोडी घाण लावावी लागते, हे मी पंचवीस वर्षं शिकलो होतो. दिवसा ती दातांना लावायची आणि सुटीच्या दिवशी विमानांना.

दत्तवाडीत आमच्या समोरच्या घरात एक काका राहतात. मूळचे पारशिवनीकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. वैमानिक नव्हेत, जमिनीवरचे. विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे मेकॅनिक. आमची ओळख गल्लीतली, म्हणजे नळाला पाणी आलं का, वीज कधी येणार, एवढीच. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरत होती तेव्हा, काका माझ्याकडे आले आणि टेबलावरच्या अर्ध्या जोडलेल्या विमानाकडे बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिले. मग त्यांनी सांगितलं की काचबिंदूनं डावा डोळा गेला आहे आणि उजव्यातून नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. तेही डॉक्टरांच्या मते काही महिन्यांचं.

"मले माहं विमान एकडाव पाहाचं आहे गा," ते म्हणाले.

त्यांचं विमान म्हणजे चंदेरी मिग-एकवीस. पुढे त्या विमानांना रंगाचे पट्टे आले, पण काका नोकरीला नवे होते तेव्हा ती रंगाशिवाय, नुसत्या धातूची असत. त्या एका विमानाची जबाबदारी त्यांच्याकडे काही वर्षं होती आणि त्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी दिवाळीपर्यंत देतो म्हटलं. दिवाळीपर्यंत तर दिसेल, असं ते म्हणाले आणि घरी गेले.

मी मनापासून काम केलं, हे नाकारत नाही. धातूचा रंग हा या कामातला सगळ्यात छळवादी प्रकार. आधी चकचकीत काळा थर द्यायचा, तो आरशासारखा बसला तरच वरचा ॲल्युमिनियमचा रंग धातूसारखा दिसतो. मध्ये धुळीचा एक कण आला तरी सगळं खरवडायचं. वसुबारसेला विमान तयार झालं. नंबर अचूक, रेषा सरळ, पोट लखलखीत. गल्ली ओलांडली की काकांचं दार होतं.

मी गेलो नाही. विमान खिडकीतल्या टेबलावर ठेवून दोन दिवस पाहत राहिलो आणि मला ते खेळण्यासारखं वाटू लागलं. जानेवारीत बर्डीवरच्या एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. असलं धुतलं-पुसलं विमान घेऊन गेलो असतो तर पुरोहित हसले असते. काकांना सांगितलं की काही भाग परदेशातून यायचे आहेत. ते सरळ खोटं होतं. काका बरं म्हणाले आणि काकूंनी हातावर अनारसा ठेवला. मी तो निर्लज्जपणे खाल्ला.

मग मी ते विमान मळवलं. शेपटीकडे काजळी चढवली. चाकांच्या कप्प्यांत मळी भरली. पोटावर तेलाचे काळे ओघळ ओढले आणि रिव्हेटांच्या रांगांखाली, पत्र्यांच्या फटींतून तांबूस गंज उतरवला. गंज ही माझी खासियत. तीन छटा, एकावर एक, बारीक ब्रशनं. वरून वार्निशचा थर मारून ती सगळी घाण कायमची बंद केली.

प्रदर्शनाचं काय सांगू. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी पहिल्याच टेबलापाशी "हे उडतं का?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकता सेल्फी काढली. एका गृहस्थानं संत्रं सोलता सोलता एका बिचाऱ्याच्या विमानाची काच चिमटीत धरली. सालीचं तेल प्लॅस्टिकला खातं, काच पार धुरकट झाली. नागपुरात जन्म काढून त्याला हे माहीत नव्हतं आणि माफी मागायचंही सुचलं नाही. परीक्षकांनी टॉर्च मारून माझ्या विमानाचं पोट पाहिलं. एक म्हणाले, गंज काय जिवंत उतरलाय. मला पहिलं बक्षीस मिळालं. हार घातलेला माझा फोटो अजून ग्रुपवर आहे, त्यात मी दात काढून हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी विमान आणि चषक दोन्ही घेऊन मी काकांकडे गेलो. चषक कशाला नेला, हे आज मलाही सांगता येणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका खिडकीशी बसले, भिंग घेतलं आणि विमान नळीएवढ्या नजरेपुढून इंचाइंचानं सरकवू लागले. नंबर पाहून त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विमान उलटं केलं आणि खिशातून रुमाल काढून, थुंकी लावून, पोट पुसायला लागले. वार्निशखालची घाण कशी निघणार. ते पुसत राहिले. काकू म्हणाल्या, अहो, तो रंग आहे. तेव्हा थांबले.

"जर्मनच्या भगोन्याले जंग चढते का गा?" त्यांनी विचारलं.

जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. मी नाही म्हटलं. म्हणजे ते मला शाळेपासून माहीत होतं. परीक्षकांनाही माहीत होतं, पुरोहितांनाही. विमान ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियमला तांबूस गंज येत नाही, ही गोष्ट वर्षानुवर्षं एकालाही आडवी आली नव्हती.

"मंग हे कायचं आहे?"

मी म्हटलं, वापरातलं विमान दिसावं म्हणून. काकांनी आवाज चढवला नाही.

"रोज सकाळी मी पोट पुसत होतो. पुसलेल्या पोटावर सांजच्याले तेलाचा थेंब आला तं समजते, कुठून गळून राहिलं ते. घाणीत घाण दिसत नाही. मी पुसाचो, मंग कागदावर सही कराचो, मंग तो पोरगा वर चढाचा. असं विमान मी उडू देल्लं असतं, तं तो वापस आला नसता. हे माहं नाही. घेऊन जाय."

मी विमान घेऊन घरी आलो, आणि मला राग आला तो काकांचा. महिनाभर मी धुसफुसत होतो. पाच महिने राबलो, पहिलं बक्षीस आणलं, आणि म्हाताऱ्याला कदर नाही. मग शेवटी ग्रुपवर विचारलं की ॲल्युमिनियमला आपण गंज का लावतो. आधी हसण्याच्या खुणा आल्या. मग एका परीक्षकानं लिहिलं, "गंज नसेलही येत, पण दिसतं तर खरं ना." खाली बारा जणांनी अंगठे वर केले. मला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी आली ती याची, की दिवाळीत मी हेच उत्तर, याच शब्दांत दिलं असतं.

विमानाची काच काढली आणि बाकीचं सगळं, रंग सुटावा म्हणून, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवलं. दोन दिवसांनी टूथब्रशनं घासलं तेव्हा तपकिरी, चिकट गाळ निघाला. बोटांना, नखांत, बेसिनला, सगळीकडे तो घाणेरडा लगदा. बक्षीस मिळालेली कलाकुसर ती हीच, मोरीत वाहून गेली. मग पुन्हा काळा थर, पुन्हा चांदी. पहिल्यांदा धूळ बसली, दुसऱ्यांदा बोटाचा ठसा उमटला. तोवर एप्रिल उजाडला आणि उन्हानं रंग एअरब्रशमधून निघून विमानावर पोचण्याआधी हवेतच वाळू लागला. पृष्ठभाग खरखरीत व्हायचा. पहाटे पाचला उठून काम करायचो. मे महिन्यात ते पुन्हा वसुबारसेला होतं तसं झालं. काकूंनी सांगितलं होतं की रामनवमीनंतर उजवा डोळाही गेला. तरी मी घेऊन गेलो.

काकांनी विमान दोन्ही हातांत घेतलं. टोकापासून शेपटीपर्यंत वरून अंगठा फिरवला. मग उलटं करून चार बोटं पोटावरून सावकाश ओढली, पंखाच्या सांध्याशी थांबून दाबून पाहिलं. बोटं स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरली आणि मग काकूंकडे वळवली.

"पाह्य वं, काही लागलं का?"

काकूंनी बोटं उजेडात नेऊन नीट पाहिली. "काही नाही लागलं जी."

"मंग हे माहं आहे," काका म्हणाले आणि विमान मांडीवर ठेवलं.

मला ते सहन झालं नाही. सांगून टाकलं की दिवाळीत हे असंच तयार होतं, भाग परदेशातून यायचे नव्हते, मी खोटं बोललो. बोलताना माझी मला इतकी किळस येत होती की वाटलं, यांनी आता चार शिव्या द्याव्यात. काकांनी मान हलवली.

"ठावं आहे मले. तुह्या खिडकीत चमकून राहिलं होतं ते. मी इथं खुर्ची टाकून रोज पाहात होतो, वाटलं, आज आणंन, उद्या आणंन." त्यांनी विमानाच्या पोटावरून पुन्हा एकदा हात फिरवला. "मंग एक दिवस चमकणं बंद झालं. मले वाटलं, डोळाच गेला."