खिळ्याले टांगलेली तार

"हिला आत घेतलं तर अंधार वाढेल," सर म्हणाले.

मृणाल खुदकन हसली. समीर खाली मान घालून हसला. मीही हसली. काय करणार? एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा पहिला दिवस. प्रोजेक्टवर आम्ही तिघंच, अन् त्यात काळी मी एकटी.

खोलीही काळीच होती. खिडक्यांले काळा कागद, भिंतीले काळा रंग, दाराच्या आतून काळा पडदा. प्रकाशाचा एक एक कण मोजायचा तर बाहेरचा कवडसाही चालत नाई. त्या खोलीले काळं असण्याचा मान होता, मले नव्हता.

कॉलेज चंद्रपूरचं. मी सावली तालुक्याकडची, ढिवराची पोट्टी. बाबा गावच्या तलावावर जाळं टाकायचा. घरात पदार्थविज्ञान शिकलेली मी पहिलीच. पहिली काय, शेवटचीही मीच होईल असं आत्या म्हणायची. माझी भाषा आहे ती अशीच आहे. कॉलेजात ती बदलवायले मले लय जणांनी सांगितलं. मी बदलवली नाई.

सर परदेशात शिकून आलेले. मोठ्या शहरातल्या संस्थेतून त्यांनी यंत्रं उसनी आणली होती. प्रयोग ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाई सांगत. प्रकाशाचा एकच दाणा अर्ध्या आरशावर सोडायचा. अर्धा आरसा म्हणजे अर्धा उजेड आरपार जाऊ देणारा, अर्धा वळवणारा. दाणा एक, वाटा दोन. दोन्ही वाटांच्या टोकाले एक एक यंत्र. प्रत्येक टोकावर दोन तऱ्हेची मापं घेता येतात. कोणतं घ्यायचं हे त्या त्या टोकानं ऐन वेळेवर, दुसऱ्याले न विचारता ठरवायचं. मग दोन्हीकडचे निकाल ताडून पाहायचे. दाणा निघतानाच सगळं ठरवून निघाला असेल तर निकालांचा मेळ एका हद्दीपर्यंतच बसतो. हद्द ओलांडली, तर दोन लांबच्या टोकांमधी असं काही आहे जे मधल्या जागेले जुमानत नाई.

मले त्या दाण्याचं वेड लागलं. जेवताना तेच, झोपताना तेच. एकटा दाणा, अन् दोन ठिकाणी त्याची हजेरी. खरं आहे की नाई? मले माझ्या हातानं पाहायचं होतं. बाकी काही नको होतं.

सरांनी कामं वाटली. एका टोकावर मृणाल, तिचं माप तिनंच ठरवायचं. दुसऱ्या टोकावर समीर, पण त्याचं माप ठरवायचं मी. दाराबाहेर स्टूल टाकलं. दाराकडे पाठ करून बसायचं. हातात दोन बटनांची डबी, तिची तार दाराखालून आत गेलेली. मनात येईल ते बटन दाबायचं. दारावर लाल दिवा पेटला की आत मोजणी सुरू, तेव्हा कोणाले दार उघडू द्यायचं नाई. दार उघडलं की उजेड शिरला, अन् केलेलं सगळं पाण्यात.

"आतलं काही तुला दिसता कामा नये," सर म्हणाले. "निवड आंधळी असली पाहिजे."

तुम्हाले वाटेल, हा अपमान मले तिथीच कळायले पाहिजे होता. नाई कळला. उलट माझी छाती फुगली. काऊन, ते सांगते.

आमच्या तलावावर सामायिक जाळं ओढलं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासोळीचे वाटे पडतात. जितके घरं तितके ढीग. मग एका माणसाले ढिगांकडे पाठ करून बसवतात. दुसरा एकेका ढिगावर काडी ठेवतो अन् विचारतो, हा कोणाचा? पाठ करून बसलेला नाव घेतो. त्यानं ढीग पाहिलेले नसतात, म्हणून कोणी कुरकुर करत नाई. त्या जागेवर कोणालेही बसवत नाईत. ज्याच्यावर अख्ख्या गावाचा भरोसा, तोच बसतो. आमच्या गावात माझा बाबा बसायचा. अन् वाट्यात कोणी लबाडी केली, काडी ठेवणाऱ्यानं खूण केली, असं दिसलं तर कोणीही, विधवा बाई असो की लहान लेकरू, दोनच शब्द बोलायचे: वाटे मोडा. मग सगळे ढीग एकात मिसळतात. पहिल्यापासून.

म्हणून स्टूलवर बसताना मले वाटलं, बाबाची जागा मले भेटली. सुटीत घरी गेली तेव्हा सांगितलं. त्या दिवशी पाळीवर बाबा ज्याले त्याले सांगत होता, आमची पोट्टी कॉलेजात पाठ करून बसते म्हणून.

चार महिने मी बटन दाबलं. उन्हाळा चढला. दाराबाहेरच्या त्या गल्लीत पंखा नव्हता. वीज केंद्राचा धूर खिडकीतून दिसायचा अन् बटनांवर काळी भुकटी बसायची, ती मी ओढणीनं पुसायची. एकदा प्रयोगशाळेचे शिपाई रशीदभाई, घुग्घुसवरून ये-जा करणारे, माझ्याजवळ थांबले. स्टूलकडे पाहून म्हणाले, "मागच्या साली इथीच जिवतीच्या पहाडावरचा एक पोट्टा बसत होता. परीक्षेच्या आधीच निघून गेला."

मी विचारलं, काऊन गेला?

"काय मालूम. पूछा नाई किसीने," ते म्हणाले अन् बादली घेऊन निघून गेले. मले पाठीत थंडी वाजली. भर एप्रिलात. पण मी ते झटकलं, कारण मले दाण्याचं उत्तर पाहिजे होतं.

अन् मग एका दुपारी लाइन गेली. ज्या गावात वीज बनते त्याच गावात लाइन जाते, त्याचं आम्हाले काही वाटत नाई. लाल दिवा विझला. आत उकाडा झाला म्हणून मृणाल अन् समीर दार उघडं टाकून बाहेर आले, नळावर गेले. मी पहिल्यांदा आत गेली. यंत्रं पाहिली. अर्धा आरसा पाहिला, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग सहज माझ्या तारेच्या मागं मागं गेली. दाराखालून आली होती, भिंतीच्या कडेनं गेली होती, टेबलामागं वर चढली होती.

तिथी एक खिळा होता. तार त्याले टांगली होती.

तुटलेली नव्हती, निसटलेली नव्हती. नीट गुंडाळून, गाठ मारून टांगली होती. तिच्यावर धूळ बसली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून.

मृणाल परत आली. मी खिळा दाखवला. ती वाईट नव्हती, ते सांगायले पाहिजे. हळूच म्हणाली, "अगं, सरांनी बटणांचा क्रम आधीच ठरवून दिलाय. तुलाही काहीतरी काम द्यायला हवं ना, कोट्यातून आलीस म्हणून. मनाला लावून घेऊ नकोस."

क्रम आधीच ठरलेला! मग दाण्यानं सगळं आधीच ठरवलं होतं की नाई, हे शोधता कशाले? तुम्हीच ठरवलं. चार महिने मी एका बंद दाराशी बोलत होती अन् दाराच्या पलीकडे कोणी नव्हतं. बाबा पाळीवर सांगत फिरत होता.

सरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. मृणालनं सांगितलं असेल. त्यांनी आवाज चढवला नाई. दुसऱ्या दिवशी बाहेरून दोन तज्ज्ञ पाहुणे येणार होते. ते विचारणार, निवड मोकळी होती कशावरून. तेव्हा मी उभं राहायचं अन् निवड माझी होती असं म्हणायचं. एवढंच.

"मार्क माझ्या हातात आहेत," सर म्हणाले. "तुझ्यासारख्यांचं एक वर्ष गेलं की सगळंच जातं, हे तुला माहीत आहे."

मले माहीत होतं. जिवतीचा पोट्टा डोळ्यांसमोर आला. त्याले मी कधी पाहिलं नव्हतं, तरी आला. खोलीवर गेली अन् सरांचं बोलणं परत आठवलं. म्हणजे माझा हात त्यांले नको होता. माझी जीभ पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी तोच प्रश्न विचारला. सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी उठली. तोंडातून निघालं ते गावचं निघालं.

"वाटे मोडा."

कोणाले कळलं नाई. मग मी सरळ सांगितलं, माझ्या बटनाची तार खिळ्याले टांगली आहे, चला दाखवते. मी दाराकडे गेली. माझ्या मागं कोणी आलं नाई. एक पाहुणा घड्याळाकडे पाहू लागला. दुसरा सरांकडे पाहून हसला अन् म्हणाला, हे तुमचं घरगुती प्रकरण दिसतंय. तेवढ्यात समोसे आले. प्रयोग उत्तम झाला असं ठरलं.

मी नापास झाली. फक्त प्रोजेक्टमधी.

गावाले गेली. बाबा पाळीवर जाळं सुकवत होता. सगळं सांगितलं. त्यानं जाळं बाजूले ठेवलं.

"वाटे मोडा म्हनाली का तू?" त्यानं विचारलं.

"हाव."

"मोडले?"

"नाई."

"मंग परत म्हन," बाबा म्हणाला.

जुलैत मी परत नाव घातलं. त्याच कॉलेजात, त्याच प्रोजेक्टले. ऑफिसातल्या भाऊंनी समजावलं की दुसरीकडे जा, सर तुले सोडणार नाईत. मी म्हटलं, मीही नाई सोडणार. अन् जिना चढून त्या गल्लीत गेली.

यंदा मोजणी लवकरच सुरू झाली होती, स्टूल रिकामं नव्हतं. एटापल्लीकडची एक नवीन पोट्टी त्याच्यावर बसली होती. दाराकडे पाठ, मांडीवर डबी. बटन दाबताना तिचे ओठ हलत होते. चेहऱ्यावर तोच उजेड, जो माझ्या चेहऱ्यावर होता.

"उठ," मी म्हटलं. "तुझी तार कुठी जाते ते पाहू."

ती घाबरली. दारावर लाल दिवा पेटलेला होता. "ताई, मोजणी सुरू आहे," ती म्हणाली. "आत्ता दार उघडलं तर सगळं बिघडन."

मले ते माहीत होतं. मी दार सताड उघडलं.